घराच्या बाहेरच्या भिंती प्रेशर वॉशरने धुताना

प्रेशर वॉशर हातात आला की लक्ष साहजिकच पाण्याच्या जोराकडे जाते, आणि भिंतींचे नुकसानही बहुधा तेथूनच सुरू होते. खरे पाहता भिंतीवरची घाण चार गोष्टींच्या एकत्रित परिणामाने निघते. वाहत्या पाण्याचे प्रमाण, साबण किंवा अन्य द्रावण, ते मुरायला दिलेला वेळ आणि सर्वांत शेवटी दाब. पहिल्या तिन्ही गोष्टी नीट जुळून आल्या असतील, तर दाबासाठी फारसे काम उरत नाही. सुटलेली घाण त्याने वाहून नेली म्हणजे पुरे. याउलट शेवाळ, धूळ आणि काजळी केवळ जोराच्या झोताने खरवडून काढायला गेले, तर त्यांच्याबरोबर रंग, गिलाव्याचा वरचा थर, विटांच्या सांध्यांतील चुना आणि लाकडाचे तंतूही निघून येतात. म्हणून येथील सर्व सूचनांमागे एकच कसोटी धरली आहे. ज्या कमीत कमी दाबाने पृष्ठभाग स्वच्छ होतो, तोच त्या पृष्ठभागाचा योग्य दाब.

यंत्र, नोझल आणि अंतर

यंत्रावर दाब बार किंवा पीएसआय या एककात लिहिलेला असतो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. विजेवर चालणारी घरगुती यंत्रे साधारणपणे १०० ते १४० बार दाब देतात, तर पेट्रोलवर चालणारी यंत्रे १७० बारपासून २५० बारपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. घराच्या भिंतींसाठी विजेचे लहान यंत्र पुरेसे असते आणि माझ्या मते तेच अधिक योग्यही असते, कारण त्याच्या हातून चूक झाली तरी ती सहसा सुधारता येण्याजोगी असते. मोठ्या यंत्राचा खरा उपयोग काँक्रीटची विस्तृत फरशी धुताना होतो.

दाबाइतकाच महत्त्वाचा, पण खरेदी करताना दुर्लक्षिला जाणारा आकडा म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडते हा होय. घरगुती विजेच्या यंत्रांत तो बहुधा ५ ते ८ लिटरच्या दरम्यान असतो. सुटलेली घाण वाहून नेण्याचे काम पाण्याचे प्रमाण करते; म्हणून दोन यंत्रांतून निवड करायची झाल्यास थोडा कमी दाब आणि अधिक प्रवाह असलेले यंत्र भिंतींसाठी सरस ठरते. मात्र तेवढे पाणी नळाने द्यायला हवे. १० लिटरची बादली भरायला ७५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर तो नळ मिनिटाला ८ लिटर पाणीही देत नाही असे समजावे. यंत्राच्या गरजेपेक्षा कमी पाणी मिळाले की पंपात पोकळ्या निर्माण होतात, झोत धडधडत येतो आणि पंपाचे आतील भाग लवकर झिजतात.

भिंतीवर प्रत्यक्षात किती मारा होतो हे यंत्रावरील आकड्यापेक्षा नोझल आणि अंतर यांवर जास्त अवलंबून असते. अनेक यंत्रांबरोबर रंगांनुसार ओळखायची नोझल येतात. लाल नोझलचा झोत ० अंशांचा, म्हणजे सुईसारखा सरळ असतो; पिवळ्याचा १५, हिरव्याचा २५ आणि पांढऱ्याचा ४० अंशांचा पंखा पडतो; काळे नोझल कमी दाबाने साबण सोडण्यासाठी असते. भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर ४० अंशांचा पंखा सुमारे २२ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा भिजवतो, तर १५ अंशांचा पंखा तेवढेच पाणी सुमारे ८ सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकवटतो. अंतर दुप्पट केले की पट्टा दुप्पट रुंद होतो आणि वाटेत थेंब फुटून मारा आणखी सौम्य होतो. म्हणजेच नोझल बदलणे आणि एक पाऊल पुढे किंवा मागे सरकणे हीच दाब कमीजास्त करण्याची सर्वांत सोपी साधने आहेत. घराच्या भिंतींसाठी पांढरे नोझल हाच आरंभ असावा, हिरवे क्वचित लागते, आणि लाल नोझल तर काम सुरू करण्यापूर्वीच खोक्यात परत ठेवून द्यावे. गोल फिरणारा झोत देणारे टर्बो नोझलही मुळात ० अंशांचाच झोत फिरवते, त्यामुळे त्यालाही भिंतीवर स्थान नाही. काही यंत्रांत वेगळी नोझल नसून लान्सचे, म्हणजे ट्रिगर असलेल्या गनला जोडलेल्या लांब नळीचे, टोक फिरवून पंखा रुंद किंवा अरुंद करता येतो; तेथे ट्रिगर दाबण्यापूर्वी टोक सर्वांत रुंद बाजूला फिरवले आहे याची खात्री करावी.

काय धुऊ नये

पाण्याचा झोत लावण्यापूर्वी घराभोवती एक संथ फेरी मारून प्रत्येक पृष्ठभाग जवळून पाहावा. या पाहणीला जितका वेळ द्याल तितका थोडाच.

ॲस्बेस्टॉस मिसळलेले सिमेंटचे पत्रे किंवा भिंतीवरील फलक असल्याचा संशय असेल, तर त्यांना प्रेशर वॉशर मुळीच लावू नये. झोताने पत्र्याचा पृष्ठभाग झिजतो, त्यातील तंतू पाण्याबरोबर आसपास पसरतात आणि पाणी सुकल्यावर हवेत मिसळतात. हे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासह गंभीर आजार होतात. जुन्या घरांवरील रंगाबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. काही दशकांपूर्वीपर्यंत अनेक देशांत घरगुती रंगांत शिसे वापरले जात असे. अशा रंगाचे पोपडे झोताने उडून अंगणातील मातीत मिसळले, तर तेथे खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात शिसे जाण्याचा धोका राहतो. घर जुने असेल आणि रंग निघत असेल, तर आधी रंगाची तपासणी करून घ्यावी आणि शिसे आढळल्यास हे काम प्रशिक्षित माणसांवर सोपवावे.

गिलाव्यावर बोटांनी ठोकून पोकळ आवाज येत असेल, तर तो भाग भिंतीपासून सुटलेला आहे. तेथे झोत पडताच मोठा तुकडा खाली येऊ शकतो. भेगा असतील तर त्या आधी बुजवून, भरलेला माल पूर्ण वाळल्यावरच धुणे सुरू करावे. जुन्या विटांच्या भिंतीत सांध्यांतील चुना किल्लीने खरवडल्यावर सहज निघत असेल, तर ती भिंत मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानेच धुवावी. विटांवर दिसणारी पांढरी पूड बहुतेक वेळा शेवाळ किंवा धूळ नसून भिंतीतील ओलाव्याबरोबर बाहेर आलेले क्षार असतात. पाण्याने ते विरघळून पुन्हा विटेत शिरतात आणि वाळल्यावर परत वर येतात. म्हणून ते कोरड्या ताठ ब्रशने झाडून काढावेत आणि ओलावा कोठून येतो याचा शोध घ्यावा.

याखेरीज विजेचा मीटर, बाहेरचे दिवे, सॉकेट, दारावरची घंटा, कॅमेरे, वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातील नाजूक पत्र्या, हवा जाण्याचे झरोके आणि खिडक्यांची तावदाने यांवर थेट झोत कधीही मारू नये. दुहेरी काचेच्या खिडकीची कडेची सील एकदा फुटली की दोन काचांमध्ये कायमचे धुके साचते. छपरावर डांबरी शिंगल असतील तर त्यांवरील खड्यांचा संरक्षक थर झोताने निघून जातो आणि छपराचे आयुष्य घटते; तेथील काळे डाग कमी दाबाने द्रावण फवारूनच घालवावेत.

अंगावर बेतणारे धोके

प्रेशर वॉशरच्या झोताविषयी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. जवळून लागलेला झोत त्वचा भेदून आत शिरतो आणि पाणी, साबण, घाण व जंतू ऊतींमध्ये खोलवर ढकलतो. बाहेरून मात्र टाचणीने टोचल्याएवढे छिद्र दिसते, रक्त फारसे येत नाही आणि सुरुवातीला वेदनाही बेताचीच असते. त्यामुळे माणूस जखम धुऊन, पट्टी लावून पुन्हा कामाला लागतो, आणि तेवढ्या वेळात आत सूज व संसर्ग वाढत जाऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते. म्हणून अशी जखम कितीही क्षुल्लक दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे आणि ती उच्च दाबाच्या झोताने झाली आहे हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. गन कधीही माणसाकडे किंवा जनावराकडे रोखू नये, स्वतःच्या पायांवरचा चिखल काढण्यासाठी ती वापरू नये, आणि नोझल बदलताना यंत्र बंद करून, ट्रिगर दाबून नळीतील दाब सोडून, ट्रिगरचे कुलूप लावूनच हात पुढे न्यावा. नळीतून बारीक गळती होत असेल तर ती जागा बोटाने चाचपडून शोधू नये. त्या बारीक धारेतही तोच दाब असतो.

डोळ्यांवर बाजूंनीही झाकणारा सुरक्षा-चष्मा, पायांत बंद आणि न घसरणारे बूट, लांब विजार आणि हातमोजे असावेत. पेट्रोलच्या यंत्राजवळ काम करताना कानांवरही संरक्षण घ्यावे. चपला घालून हे काम करू नये, मग ते पाच मिनिटांचे का असेना.

विजेचे यंत्र अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावे आणि त्या जोडणीवर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे. काम सुरू करण्यापूर्वी त्यावरील चाचणीचे बटण दाबून ते खरोखर वीज तोडते का हे पाहावे. वाढीव वायर लागलीच तर ती घराबाहेर वापरण्यायोग्य, जाड तारेची असावी, गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळलेली वायर तापते, आणि तिचा जोड जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवावा. धातूची लांब लान्स वापरताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून दूर राहावे. पेट्रोलचे यंत्र गॅरेजमध्ये, पडवीत किंवा उघड्या खिडकीजवळ चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे तो घरात साचत असल्याचे कळतच नाही.

शिडीवर चढून प्रेशर वॉशर चालवू नये, असे मी अगदी ठामपणे सांगेन. ट्रिगर दाबताच गन मागे झटका देते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तो सहज पेलतो, शिडीवरच्या माणसाचा मात्र तोल जातो, आणि खालच्या पायऱ्या तोवर साबणाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या असतात. उंच भागासाठी लांब होणारी लान्स घ्यावी, आणि तीही पुरत नसेल तर पक्की परांची बांधणाऱ्या किंवा उचल-यंत्र वापरणाऱ्या व्यावसायिकाला बोलवावे. लांब लान्सचा झटका टोकाकडून येत असल्याने ती दोन्ही हातांनी धरावी आणि पाय फाकवून उभे राहावे.

पूर्वतयारी

ढगाळ आणि वारा नसलेला दिवस या कामाला उत्तम. कडक उन्हात साबण भिंतीवरच वाळतो आणि त्याचे ओघळ उमटतात. वाऱ्यात फवारा शेजारच्या गाडीवर, दोरीवरच्या कपड्यांवर आणि स्वतःच्या तोंडावर येतो. खिडक्या-दारे घट्ट लावून आतील बाजूस उंबऱ्याशी जुने टॉवेल ठेवावेत. बाहेरच्या सॉकेटना त्यांचे झाकण पुरेसे नसते, म्हणून त्यांचा वीजपुरवठा बंद करून वर प्लास्टिक लावून चिकटपट्टीने कडा बंद कराव्यात. पायपुसणी, कुंड्या, खुर्च्या आणि सायकली दूर न्याव्यात, मुलांना व पाळीव प्राण्यांना घरात ठेवावे.

झाडांच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. भिंतीलगतची झाडे आणि त्यांच्या मुळाशी असलेली माती आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवावी, कारण पाणी प्यायलेल्या मातीत द्रावण कमी मुरते आणि ओल्या पानांवर पडलेले थेंब लगेच पातळ होतात. काम चालू असताना आणि संपल्यावरही झाडे पुन्हा धुवावीत. त्यांवर प्लास्टिक घातलेच तर ते तासन्तास ठेवू नये; उन्हात त्याखाली पाने उकडून निघतात.

धुतलेले पाणी कोठे जाईल याचा विचार आधीच करावा. पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे पुष्कळ ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेविना थेट ओढ्यात किंवा नदीत जातात, आणि साबण, ब्लीच, रंगाचे कण त्या पाण्यातून तेथे पोहोचतात. शक्य तेथे पाणी हिरवळीकडे किंवा मोकळ्या मातीकडे वळवावे, गटाराच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात आणि अडलेला गाळ सुकल्यावर झाडून कचऱ्यात टाकावा.

शेवटी कोळिष्टके, कोरडी धूळ आणि मातीची घरटी लांब दांड्याच्या झाडूने काढून घ्यावीत. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर तो भाग नंतरसाठी सोडून द्यावा. कोरडी धूळ आधी झाडली नाही तर तिचा चिखल होतो आणि तो सगळ्या भिंतीवरून खाली ओघळतो.

साबण आणि द्रावण

साध्या धुळीसाठी भिंतींकरिता बनवलेला सौम्य साबण पुरतो. हिरवे शेवाळ आणि काळी बुरशी यांची गोष्ट वेगळी आहे. हे सजीव आहेत, आणि केवळ झोताने वरचा थर उडवला तर भिंतीच्या बारीक छिद्रांत राहिलेला अंश पुन्हा वाढतो. त्यांना मारावे लागते, आणि त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच नेहमीचे ब्लीच, उपयोगी पडते. बाटलीवर सुमारे ५ टक्के असे प्रमाण लिहिले असेल, तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी मिसळल्यावर सुमारे १ टक्क्याचे द्रावण होते. भिंतीसाठी त्याहून तीव्र द्रावणाची सहसा गरज भासत नाही. त्यात थोडा सौम्य साबण घातल्यास द्रावण भिंतीवर अधिक काळ टिकते, मात्र त्या साबणात अमोनिया किंवा आम्ल नाही हे वेष्टनावर वाचून घ्यावे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास क्लोरामाइनचे तितकेच घातक वायू तयार होतात. गंजाचे डाग घालवण्यासाठी वापरले जाणारे ऑक्झॅलिक आम्लही याच कारणाने ब्लीचच्या आसपास आणू नये. ते काम वेगळ्या दिवशी, भिंत पूर्ण धुऊन झाल्यावर करावे.

यंत्राच्या साबणाच्या टाकीत ब्लीच घालू नये, जोवर उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट मुभा नसेल. त्याने आतील रबरी सील आणि धातूचे भाग खराब होतात. बागेत वापरतात तो हाताने हवा भरायचा फवारणी पंप या कामासाठी उत्तम. त्यात दाब नगण्य असल्याने द्रावण जेथे हवे तेथेच पडते.

प्रत्यक्ष धुणे

नळी जोडण्यापूर्वी यंत्राच्या पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून स्वच्छ करावी. मग नळ पूर्ण उघडावा आणि यंत्र सुरू न करता ट्रिगर दाबून धरावा. आधी हवा आणि पाणी खरखरत येईल. अखंड धार सुरू झाल्यावर, म्हणजे नळीतील व पंपातील हवा निघून गेल्यावरच यंत्र सुरू करावे.

सर्वप्रथम घराच्या मागील बाजूचा, सहसा दृष्टीस न पडणारा एखादा कोपरा निवडावा. पांढरे नोझल लावून भिंतीपासून १ मीटरवर उभे राहावे, झोत मारावा, थांबावे आणि जवळ जाऊन पाहावे. रंग उडाला का, पृष्ठभाग खरबरीत झाला का, बोटाला पांढरी पूड लागते का? पूड लागत असेल तर रंगाची पकड सुटू लागली आहे, आणि तो धुताना कोठे कमी कोठे जास्त निघून भिंत ठिगळे लावल्यासारखी दिसेल. अशी भिंत आता धुवायची म्हणजे पुन्हा रंगवायची तयारी ठेवूनच धुवावी. सर्व ठीक असेल तर हळूहळू पुढे सरकत, घाण निघू लागते ते अंतर शोधावे. रंगवलेल्या भिंतीसाठी ते ३० सेंटिमीटरपेक्षा कमी करण्याची वेळ आली, तर पुढे न जाता मागे यावे आणि द्रावणाला अधिक वेळ द्यावा.

भिंतीचा दोन ते तीन मीटर रुंदीचा एक भाग घ्यावा आणि तो साध्या पाण्याने ओला करावा. मग द्रावण खालून वर लावत जावे. वरून लावले तर ते द्रावण न लागलेल्या, मळक्या भिंतीवरून ओघळत जाते, त्या ओघळांखालची जागा इतरांपेक्षा आधी आणि अधिक स्वच्छ होते, आणि या रेघा नंतर कितीही धुतले तरी दिसत राहतात. खालून लावल्यास वरून येणारा ओघळ आधीच द्रावण लागलेल्या जागेवर येतो. द्रावण पाच ते दहा मिनिटे राहू द्यावे, मात्र वाळू देऊ नये. वाळू लागल्यास त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. शेवाळाचा हिरवा रंग फिका पडून तपकिरी होऊ लागला की द्रावणाने काम केले असे समजावे. हट्टी डागांवर येथेच मऊ ब्रश फिरवावा. दोन मिनिटे ब्रश चालवल्याने झोत जवळ नेण्याची गरज टळते, आणि हा व्यवहार नेहमीच फायद्याचा असतो.

नंतर धुणे मात्र वरून खाली. झोत भिंतीबाहेर सुरू करावा आणि गन हलती ठेवूनच तो भिंतीवर आणावा, कारण ट्रिगर दाबल्याच्या पहिल्या क्षणी मारा सर्वांत तीव्र असतो आणि थांबलेल्या गनचा ठसा भिंतीवर उमटतो. आडव्या, लांब हालचालींनी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत खाली यावे आणि अंतर सर्वत्र सारखे ठेवावे. द्रावणाचा अंशही मागे राहू नये, विशेषतः खिडक्यांच्या चौकटी, बिजागऱ्या आणि पन्हळींसारख्या धातूंच्या भागांवर, कारण उरलेले ब्लीच त्यांना गंजवते. एक भाग पूर्ण धुऊन झाल्यावरच शेजारच्या भागात द्रावण लावावे, आणि शक्यतो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची भिंत एका दमात संपवावी.

झोताची दिशा किंचित खाली झुकलेली असावी. घरात वापरता येईल असे सुटसुटीत यंत्र केर्शर कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणले. म्हणजे आज उभी असलेली कितीतरी घरे बांधली गेली तेव्हा त्यांच्या भिंतींवर असा झोत पडेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. नव्या घरांचीही रचना पाऊस वरून पडतो हे गृहीत धरूनच केलेली असते. छज्जे, फळ्यांची एकमेकींवर चढवलेली टोके, खिडक्यांचे उतरते ओटे हे सारे वरून येणारे पाणी बाहेर फेकते. खालून वर मारलेला झोत त्याच फटींतून थेट भिंतीच्या आत शिरतो. तेथे साठलेले पाणी दिसत नाही, पण काही आठवड्यांनी आतील भिंतीवर ओल आणि बुरशी दिसू लागते. फळ्या किंवा पत्रे लावलेल्या भिंतींवर ही काळजी सर्वाधिक घ्यावी लागते.

लाकूड आणि काँक्रीट

लाकडावर झोत नेहमी तंतूंच्या दिशेनेच चालवावा. आडवा मारल्यास मऊ तंतू आधी झिजतात, पृष्ठभाग केसाळ होतो आणि घासून काढण्याचे दुप्पट काम मागे लागते. मऊ लाकडाला ३५ ते ४० बार दाब पुरे असतो. घरगुती यंत्राचा दाब त्याच्या कितीतरी पट असल्याने रुंद पंखा आणि जास्त अंतर ठेवूनच काम करावे. यंत्रावर दाब कमी करण्याची सोय असेल तर ती येथे अवश्य वापरावी. कुजू लागलेल्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज रुतते. तशा ठिकाणी धुणे सोडून दुरुस्तीच करावी.

जोत्याभोवतीची काँक्रीटची फरशी, पायऱ्या आणि गाडी उभी करण्याची जागा येथे मात्र दाब मोकळेपणाने वापरता येतो. नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे होईपर्यंत त्यावर झोत मारू नये. साध्या लान्सने फरशी धुतली तर वळणावळणाच्या रेघा उमटतात, म्हणून मोठ्या जागेसाठी झाकणाखाली फिरणारी नोझल असलेला सरफेस क्लीनर जोडावा. तेलाच्या डागावर आधी लाकडाचा भुसा किंवा तत्सम शोषक पसरून तेल टिपून घ्यावे, मग वंगण विरघळवणारे द्रावण लावून ब्रशने घासावे. थेट झोताने तेल फक्त पसरते. भिंती आधी आणि फरशी सर्वांत शेवटी धुवावी, नाहीतर भिंतींची घाण धुतलेल्या फरशीवर पुन्हा साचते.

काम थांबवताना

ट्रिगर सोडून यंत्र नुसते चालू ठेवण्याची सवय पंपाला मारक असते. पेट्रोलच्या यंत्रात ट्रिगर सोडल्यावर तेच पाणी पंपात फिरत राहून तापते आणि सील खराब करते. म्हणून काही मिनिटांहून जास्त थांबायचे असेल तर यंत्र बंद करावे. विजेची अनेक यंत्रे ट्रिगर सोडल्यावर आपोआप थांबतात, पण नळीत दाब तसाच असतो, त्यामुळे तीही बटणाने बंद करावीत. काम संपल्यावर साबणाच्या टाकीतून साधे पाणी सोडावे, मग आधी यंत्र बंद करावे, नंतर नळ बंद करावा, पाण्याची धार थांबेपर्यंत ट्रिगर दाबून धरावा आणि त्यानंतरच नळ्या सोडवाव्यात.

भिंत रंगवायची असेल तर वरवर कोरडी दिसल्याने फसू नये. कोरड्या हवेत किमान दोन ते तीन दिवस थांबावे, गिलावा किंवा विटांची भिंत असेल तर त्याहून अधिक. दमट हवामानात हा काळ आणखी वाढतो. आत अडकलेला ओलावा बाहेर पडताना नव्या रंगाला फोड आणतो. धुतल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत खिडक्यांच्या आतील कडा, सॉकेट आणि कोपरे हाताने चाचपून पाहावेत. कोठे ओल लागली तर त्या जागी बाहेरून फट आहे, आणि पुढच्या पावसाआधी ती बुजवणे आवश्यक आहे. बाहेरच्या सॉकेटचा वीजपुरवठा झाकण काढून आत पूर्ण कोरडे झाल्याचे पाहिल्यावरच सुरू करावा. यंत्र ठेवताना पंपातील व नळ्यांतील सर्व पाणी काढून टाकावे. जेथे तापमान शून्याखाली जाते तेथे ते घरात ठेवावे किंवा पंपात गोठणरोधक द्रव भरावा, कारण आत राहिलेले पाणी बर्फ होताना प्रसरण पावते आणि पंपाला तडा देते.